खर्ज ऐकू येतोय का?

‘बेस वाढव’ हे वाक्य आपल्याकडे रिक्षात, लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मांडवात आणि मित्राच्या गाडीत सारख्याच सहजपणे म्हटलं जातं. त्या वाक्यात बेस ही मिठासारखी गोष्ट असते. कमी वाटला, टाका थोडा. बेस हाही सूर असतो, तो बरोबर लागतो किंवा चुकतो, आणि गाण्यातले बाकीचे सूर त्याच्याशी असलेल्या नात्यानेच ऐकू येतात, हे त्यात कुठेच नसतं.

मी सहा वर्षं बेस गिटार वाजवतोय. दिवसभर सॉफ्टवेअर, रात्री जेवणानंतर बेस. घर कळव्यात, वन बीएचके, हॉल दहा बाय बारा. आमचा चौघांचा बँड ठाण्यात तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये भेटतो. त्यात एक ढोलकीवाला आहे, त्यामुळे खालच्या सप्तकात आमच्याकडे कायम गर्दी. गेल्या वर्षभरात घरासाठी अ‍ॅम्प आणि सोबतचं सामान निवडताना मी दुकानांत, जॅमरूममध्ये आणि ओळखीच्यांच्या घरी बरेच अ‍ॅम्प वाजवून पाहिले, आणि त्याच्या कितीतरी पट रिव्ह्यू पाहिले. त्या रिव्ह्यूंशी माझं भांडण आहे. ते अ‍ॅम्पला विचारतात, ‘तू किती हलवतोस?’ माझ्या मते प्रश्न असा हवा: तू कोणता सूर काढतोयस, हे खोलीतल्या दुसऱ्या माणसाला कळतंय का?

तंबोऱ्याची चौथी तार

चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. ए ५५ वेळा, डी ७३ वेळा, जी ९८ वेळा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला असतो. म्हणजे बेस गिटारचं राज्य आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे त्याला खर्ज म्हणतात, आणि गाणारी माणसं पहाटे उठून त्याचा रियाज करतात.

आता तंबोऱ्याची गंमत बघा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. जवारी लागली की तारेतून वरचे स्वरांश फुलून येतात, मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. आपण ‘खर्ज छान लागलाय’ म्हणतो तेव्हा कानावर येणारा बराचसा आवाज त्या वरच्या स्वरांशांचा असतो. मेंदू त्यांच्यातलं अंतर मोजतो आणि तळाचा सूर स्वतः ओळखतो. तळाचं कंपन अगदी क्षीण असलं, किंवा नसलंच, तरी चालतं.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याचा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही. एवढ्याशा पडद्याला तेवढी हवा ढकलता येत नाही. काही शे हर्ट्झच्या खाली त्याचा दम संपतो. तरीही फोनवर गाणं लावलं की बऱ्याचदा बेसची चाल कळते, कारण ८२, १२३, १६५, २०६ अशी वर चढणारी शिडी आणि तिच्या वरच्या पायऱ्या फोनला थोड्याफार जमतात. ज्या गाण्यात बेसवाल्याने आणि मिक्स करणाऱ्याने त्या पायऱ्या जपल्यात, त्याचा बेस फोनवर जिवंत राहतो. बाकीच्या गाण्यांत तो गायब होतो.

बेसच्या अ‍ॅम्पबद्दल मला जे म्हणायचंय त्याचा पाया हाच. सुराचं वजन तळात असतं, पण त्याची ओळख वर असते, साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. चांगल्या बेस अ‍ॅम्पला जवारी हवी.

भोंगा आणि भिंत

आपला सार्वजनिक कान दोन टोकांवर घडला. आधी भोंगा होता. अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि खांबाला बांधलेला कर्णा, सत्यनारायणापासून प्रचारसभेपर्यंत. कर्णा कमी विजेत लांबवर आवाज फेकतो, पण सुमारे ३०० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुका असतो. त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी हिंदी-मराठी गाणी गल्लीत ऐकली ती तळ कापलेली. लताबाईंचा आवाज पोचला, ढोलकीची चाटी पोचली, डबल बेस आणि नंतर बेस गिटार पोचली नाही.

मग भिंत आली. ट्रकवर रचलेले सबवूफर. कर्ण्याने जे कापलं होतं तेवढंच आता उरलं, आणि ते शंभरपट होऊन. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा अजय-अतुलनी त्यातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजलिसच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केल्याचं केवढं कौतुक झालं. त्याच सिनेमातलं ‘झिंगाट’ आपल्यातल्या बहुतेकांनी भिंतीवर ऐकलं, जिथे चाल आपण आठवणीतून भरतो आणि यंत्राकडून फक्त धक्का घेतो.

भिंतीला अडाणीपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्यांच्या गाण्याला गडकरी रंगायतनचा मंच मिळत नाही, त्यांच्या गाण्याला रस्ताच मिळतो, आणि रस्त्यावर ‘आम्ही इथे आहोत’ हे छातीला सांगावं लागतं. डब रेगे किंवा क्लबमधल्या संगीतातही अंगाला लागणारा तळ हाच कलेचा भाग असतो. तिथे माझी कसोटी अपुरी पडते, हे मान्य. माझी हरकत फक्त एवढीच, की त्या ऐकण्याचे निकष आपण चार माणसांच्या बँडला आणि दहा बाय बाराच्या खोलीला लावतो.

नावातच अचूकपणा

लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बेस गिटारचं नाव ‘प्रिसिजन’ होतं. उभ्या डबल बेसवर फ्रेट नसतात, बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. फेंडरच्या वाद्यावर फ्रेट होते, म्हणून अचूक. या वाद्याने जन्मतःच वचन दिलं होतं ते सुराचं. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्यासाठी ‘बासमन’ हा अ‍ॅम्प आला. तो पुढे बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच जास्त आवडला, आणि जिम मार्शलचा पहिला अ‍ॅम्प त्याच्यावरच बेतलेला होता.

मग दोन वाटा झाल्या. अ‍ॅम्पेगचा १९६० चा बी-१५ हा स्टुडिओत आणि छोट्या हॉलमध्ये मावणारा. त्याच कंपनीचा १९६९ चा एसव्हीटी, ३०० वॅटचा, आठ दहा-इंची स्पीकरांच्या फ्रिजएवढ्या कॅबिनेटसह, स्टेडियमसाठी. बेस अ‍ॅम्प म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतो तो हा फ्रिज. पण त्या आठ-दहाच्या कॅबिनेटचं माहितीपत्रक वाचा. ते ५८ हर्ट्झपर्यंतच भरवशाने उतरतं. ४० हर्ट्झला त्याचा आवाज १० डेसिबलने खाली गेलेला असतो. म्हणजे रॉक संगीतातलं सगळ्यात दरारा असलेलं बेस कॅबिनेट सगळ्यात खालची ई तार पूर्ण ताकदीने काढतच नाही. त्याची कीर्ती ५८ च्या वर काय घडतं त्यावर उभी आहे.

मोटाउनच्या जेम्स जेमरसनचा बेस तर बहुतेकदा अ‍ॅम्पशिवाय, थेट मिक्सरमध्ये वायर लावून ध्वनिमुद्रित व्हायचा. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवादक टोनी वाझ यांचं काम चांगल्या हेडफोनवर ऐका. गाण्याखाली दुसरं गाणं चालू असल्यासारखं वाटतं. हिंदी चित्रपटसंगीतात बेस गिटारपासून ट्रान्झिकॉर्डपर्यंत कितीतरी वाद्यं वाजवलेल्या चरणजीत सिंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली, ती रोलँडच्या टीबी-३०३ यंत्रावर. हे यंत्र मुळात बेसवाल्याची जागा भरण्यासाठी काढलेलं. त्यातून त्यांनी राग काढले. सूर ओळखू यावा, हा हट्ट तिथेही दिसतो.

दहा बाय बारा

आता कळव्यात येऊ. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ४१ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सव्वाआठ मीटरच्या पुढे. माझा हॉल ३.६६ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद. खोलीत न मावणारी लाट भिंतींमध्ये आपटत राहते, आणि काही ठरावीक सूर खोली स्वतःच फुगवते. हिशेब सोपा आहे: आवाजाचा वेग भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५६.

बेसवर ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प ४६ हर्ट्झला आहे आणि मोकळी ए तार ५५ ला. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत हे दोन सूर भिंतीजवळ गरजतात आणि खोलीच्या मधोमध बसलं तर हरवतात. अ‍ॅम्प कुठल्याही कंपनीचा असो. मुंबई-ठाण्यात ही मापं इतक्या घरांत आहेत, की ‘या अ‍ॅम्पचा ए फार घुमतो’ अशी तक्रार ऐकली की मी आधी खोलीची मापं विचारतो.

भिंतीपलीकडे तर वेगळंच घडतं. काँक्रीट वरचे स्वरांश अडवतं, तळ मात्र स्लॅबमधून आरामात उतरतो. एका रात्री मी हळू आवाजात एक अभंग वाजवत होतो. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, “अरे, रात्री पाण्याचा पंप चालू राहिला होता का रे? घूंऽ घूंऽ येत होतं.” काकू आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात तोच अभंग गातात. त्यांना तो ओळखू आला नाही, कारण त्याची ओळख पटवणारा सगळा भाग स्लॅबने वरच ठेवून घेतला होता. शेजाऱ्यांना आपलं संगीत त्रास देतं असं आपण म्हणतो, पण त्यांच्यापर्यंत संगीत पोचतच नाही.

कायदाही इथे नीट ऐकत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण मोजणी ‘ए’ भारांकनाने होते. हे भारांकन हळू आवाज ऐकताना माणसाच्या कानाचं जे होतं त्यावर बेतलेलं, त्यामुळे ४० हर्ट्झच्या आवाजातून ते सुमारे ३५ डेसिबल वजा करतं. खिडकीची काच थरथरत असते आणि मीटरवरचा आकडा शहाण्यासारखा वागत असतो. म्हणून फ्लॅटमध्ये अ‍ॅम्प वाजवताना कायद्याच्या आकड्यावर विसंबू नका. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून जाड फोमवर किंवा स्टुलावर ठेवा आणि ८० च्या खालचं कमी करा. तुम्हाला सूर कळत राहील, खालच्या घराला पंप ऐकू येणार नाही.

रिव्ह्यू नेमका कशाचा?

आता ते व्हिडिओ. गादीसारख्या भिंतींचा स्टुडिओ, एकटा बेसवाला, अंगठ्याने तारा फटकारत. आवाज बऱ्याचदा अ‍ॅम्पच्या मागच्या सॉकेटमधून थेट रेकॉर्ड केलेला, म्हणजे स्पीकर आणि डबा दोन्ही वगळून. तो आपण ऐकतो फोनवर. अ‍ॅम्पच्या परीक्षेत अ‍ॅम्पचा अर्धा भाग गैरहजर, आणि उरलेला फोनने गाळलेला. आमच्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात.

दुसरी गोष्ट वॅटची. ४० वॅटवरून ४०० वॅटवर गेलात तर फरक १० डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज, दहापट नव्हे. शिवाय ‘५०० वॅट’ हा आकडा बहुधा ४ ओहमचा असतो. ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलंत तर तो बराच खाली येतो. वॅटपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता बघा. ती ३ डेसिबलने जास्त असणं म्हणजे वॅट दुप्पट करण्यासारखंच.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘छोटा डबा, मोठा तळ’ ही जाहिरात. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा स्पीकरचा एक लोखंडी नियम आहे: लहान डबा, खोल तळ आणि कमी विजेत मोठा आवाज, यांतल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. आठ इंची स्पीकरचा कॉम्बो ई तार मुळापासून काढतो असा कुणाचा दावा असेल, तर तिसरी गोष्ट कुठे गेली ते विचारा.

कसोटी

मी वापरतो त्या पाच चाचण्या अशा. दुकानात दहा मिनिटांत होतात.

एक. सगळे नॉब मध्यावर, आवाज गप्पांच्या पातळीवर. ई तारेवर मोकळ्या सुरापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकसारख्या जोराने चढा. कुठला सूर उडी मारतो किंवा बुडतो? मग दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा. जागा बदलली की दोष बदलला, तर तो खोलीचा. तसाच राहिला, तर अ‍ॅम्पचा.

दोन, आणि हीच खरी. सोबतच्या माणसाला पाठ करून उभं करा. एकेक सूर वाजवा आणि त्याला तो गुणगुणायला सांगा. संगीत शिकलेला नसला तरी चालेल. त्याला सूर चटकन सापडला तर अ‍ॅम्प पास. तो ‘हं, खाली कुठेतरी’ म्हणत चाचपडला, तर त्या अ‍ॅम्पचा बेस कितीही ‘जाड’ असो, बँडमध्ये तो हरवणार. माझ्या अनुभवात काही महागडे अ‍ॅम्प इथे अडखळले आणि दहा इंची स्पीकरचे साधे कॉम्बो सुटले.

तीन. फोनवर ढोलकी किंवा पखवाजाचा ठेका लावून त्यावर वाजवा. हे आपल्याकडे फार महत्त्वाचं, आणि परदेशी रिव्ह्यूत कधीच नसतं. पखवाजाच्या धुमेवर कणीक लावतात ती आवाजाला तळ यावा म्हणून, आणि तो तळ बेसच्याच इलाख्यात उतरतो. ‘अभंग रिपोस्ट’सारखे बँड अभंगाला ड्रम आणि बेस गिटारची जोड देतात, तेव्हा हा जागेचा प्रश्न रोजचा असणार. आमच्या बँडमध्ये उत्तर सापडलं ते बेसचा नॉब खाली आणि मिडचा वर नेऊन. तळ ढोलकीला दिला, ओळख बेसने ठेवली.

चार. दाराबाहेर जाऊन ऐका. वाजवणारा अ‍ॅम्पच्या सगळ्यात जवळ असतो, म्हणून त्याचं मत सगळ्यात कमी कामाचं.

पाच. तारांवरून हात काढा आणि आवाज वाढवा. आपली वीज ५० हर्ट्झची; ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. विजेची घरघर असेल तर तो जी वाजवताच सेकंदाला एक अशी हेलकावे खाणारी लहर ऐकू येते. तारांना हात लावला की घरघर कमी होते का? मग अर्थिंग आणि वायर तपासा. घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. तो जिवाशी खेळ आहे.

सोबतचं सामान

इथे पैसे बहुधा उलट्या क्रमाने खर्च होतात. आधी चमकदार पेडलं, शेवटी वायर. माझा क्रम असा. पहिल्यांदा ट्यूनर, कारण खालचा सूर किंचित उतरलेला असला की गायकाला आपण बेसुरे आहोत असं वाटायला लागतं, आणि दोष कुणाचा ते कुणालाच कळत नाही. मग बंद कपांचा हेडफोन आणि अ‍ॅम्पला हेडफोनचं सॉकेट. रात्री दहानंतर कळव्यात दुसरा मार्ग नाही. मग डीआय बॉक्स, कारण हॉलमध्ये प्रेक्षकांना ऐकू येतो तो मिक्सरमधून गेलेला बेस, तुमचा अ‍ॅम्प नव्हे. मग हाय-पास फिल्टर, म्हणजे ३५-४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा. तिथे सूर नसतो, नुसती स्पीकरची धाप असते. कॉम्प्रेसर नंतर, बोटं एकसारखी चालायला लागल्यावर. आणि हेड ते कॅबिनेट जोडायला गिटारची बारीक वायर चालत नाही. तिथे स्पीकरचीच जाड वायर लागते.

वजनही निकषात घ्या. कळव्याला बहुतेक फास्ट लोकल थांबत नाहीत, आणि लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी उभं राहून नेता येईल तोच तुमचा अ‍ॅम्प. आठ-दहाचं कॅबिनेट साठ किलोंच्या वर जातं. फेंडर रंबल ४० सारखा दहा इंची कॉम्बो आठ-नऊ किलोंचा. मी या जातीचा अ‍ॅम्प निवडला. तो गुणगुणण्याच्या चाचणीत पास होतो, आणि मोठ्या कार्यक्रमात डीआय बॉक्स आहेच.

हे सगळं फक्त बेस वाजवणाऱ्यांसाठी आहे असं समजू नका. तुम्ही चांगली जाणती गाणी ऐकता, गायकाची एखादी मुरकी चुकली तर तुम्हाला कळते. आवडतं एक गाणं घ्या, आधी फोनच्या स्पीकरवर लावा, मग इअरफोनवर, आणि गायकाला सोडून फक्त बेसची चाल गुणगुणून पाहा. पहिल्या खेपेला ती निसटते, तिसऱ्या खेपेला सापडते. बेस वाजवणाऱ्याने त्या गाण्यात काय ठरवलं होतं, कुठे थांबला, गायकाला कुठे आधार दिला, हे त्यानंतर ऐकू यायला लागतं. आणि ते ज्या अ‍ॅम्पवर ऐकू येत नसेल, तो कितीही वॅटचा असला तरी दुकानातच राहू द्या.